फेट्याआडची कवळी

मी कवळी बोलतेय. दचकू नका. दुसऱ्याच्या तोंडात राहून बोलण्यात माझा जन्म गेला, स्वतःचं असं काही आज पहिल्यांदाच बोलतेय. कुठं अडखळले तर सांभाळून घ्या.

आमची जातच मुळी लाजरी. चष्मा कसा नाकावर बसून मिरवतो! काठी रस्त्यानं ठकठक करत जाते. खिशातलं घड्याळसुद्धा साखळी बाहेर सोडून बसतं. मी मात्र घरात आहे हे शेजाऱ्यांना कळता कामा नये. पाहुण्याची चाहूल लागली की माझ्या वाटीवर झाकण. त्याचं मला फारसं काही वाटत नाही, अंगवळणी पडलंय. आज सांगणार आहे ती लाज वेगळी. ती माझ्या मालकाची, आणि त्यांच्या तोंडात बसल्यामुळं माझीही.

सोलापुरात इंग्रजांनी लावलेला मार्शल लॉ उठून चार-पाच वर्षं झाली असतील. नवी पेठेत सोमलिंग नावाच्या दाताच्या डॉक्टरानं एका माडीवर दवाखाना थाटला होता. माणूस अक्कलकोटकडचा, निम्मं कानडी आणि निम्मं मराठी बोलायचा. तांबडं रबर आणि चिनी मातीचे दात घेऊन त्यानं मला घडवलं, तासलं, घासलं, आणि एका म्हाताऱ्या तोंडात बसवून म्हणाला, “सरी, सरी! बरोबर बसली! आता ऊस द्या चावायला!”

ते तोंड वेणीमाधवरावांचं. सरकारी खजिन्याच्या कचेरीतले अव्वल कारकून, आता पेन्शनीत निघालेले. सरकारनं त्यांना पदवी दिली नव्हती, पण सगळं सोलापूर त्यांना रावसाहेब म्हणायचं. माणूस निर्मळ. कुणाच्या विड्याचाही मिंधा नाही. पण शिस्त अशी, की त्यांच्या टेबलाशी उभं राहायचं म्हणजे भल्याभल्यांची गाळण उडायची.

पेन्शनीत निघाले तेव्हा त्यांच्या वरच्या ओळीतले पुढचे दोन दात तेवढे नव्हते. पुढं बाकीचेही एकेक करून गेले. आमच्या सोलापुरात दात नसणं म्हणजे काय, ते सोलापूरकरालाच विचारा. ताटात कडक भाकरी, बाजूला शेंगाची चटणी, आणि खाणाऱ्याच्या तोंडात नुसत्या हिरड्या! रावसाहेबांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी, कितीतरी वर्षं त्यांची भाकरी दुधात भिजवून, कुस्करून दिली. ते मुकाट गिळायचे. बोलायला लागले की निम्मा वाराच बाहेर पडायचा, आणि ऐकणारा मिशीत हसायचा. ते मात्र त्यांच्या जिव्हारी लागायचं.

एक दिवस अनसूयाबाई म्हणाल्या, “अहो, माझ्या हातात दोन पाटल्या आहेत. एक असली काय आणि दोन असल्या काय? दात करून घ्या.”

“वेडी की काय तू? लोक काय म्हणतील?”

“लोकांना भाकरी कुस्करून द्यावी लागत नाही, मला द्यावी लागते. बास झालं आता.”

अशी मी त्या घरात आले. पहिल्या दिवशी वाटीतून बघितलं तर बाईंच्या एका हातात पाटली आणि दुसऱ्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र तो हात पदराआड घेतला आणि ताट वाढलं. रावसाहेबांनी कडक भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. कडाड असा आवाज झाला! त्यांनी डोळेच मिटले.

“अगं,” ते म्हणाले, “कडक आहे गं!”

“मग कशी असणार?” असं म्हणून बाई हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

इथवर सगळं चांगलंच झालं. पुढं पहिली तारीख आली.

पहिली तारीख म्हणजे पेन्शनचा दिवस. सरकारची चाकरी केलेल्या म्हाताऱ्यांनी त्या दिवशी स्वतः कचेरीत जायचं आणि दोन गोष्टी दाखवायच्या. एक म्हणजे आपण जिवंत आहोत, आणि दुसरी म्हणजे आपण आपणच आहोत. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावरची एक खूण सरकारी कागदावर टिपलेली असायची. कुणाचा तीळ, कुणाचा डाग, कुणाचं तुटलेलं बोट. ती खूण साहेबाला दिसली की पेन्शन मिळायची. गिरणीतल्या माणसाला ही भानगडच नव्हती. त्याचे हात थकले की भोंगा त्याच्यासाठी वाजायचा बंद, पुढं तो आणि त्याचं नशीब. म्हणून पेन्शनवाल्या म्हाताऱ्याचा घरात मोठा मान. सून त्याला ऊन-ऊन जेवायला वाढते ती प्रेमानं की पहिल्या तारखेसाठी, हे म्हाताऱ्यानं कधी विचारू नये.

रावसाहेबांना तर सूनही नव्हती. एक मुलगी, ती दुधनीला दिलेली. जावयाच्या दारात हात पसरण्यापेक्षा ते उपाशी राहिले असते. घरात दोघंच, आणि चूल पेटायची ती पेन्शनीवर. चन्नप्पा वाणी महिनाभर उधार द्यायचा तोही पहिल्या तारखेच्या भरवशावर.

त्या दिवशी रावसाहेबांनी पगडी घातली, काळा कोट चढवला, मला बसवून आरशात एकदा हसून बघितलं आणि टांग्यानं निघाले. कचेरीपुढं कडुनिंबाखाली दगडी ओटा आहे. त्यावर म्हातारी मंडळी बसली होती. शिपायानं रावसाहेबांसाठी आतून खुर्ची आणली. ते कधी ओट्यावर बसायचे नाहीत.

ओट्याच्या कडेला जमादार इलाहीबक्ष बसले होते. पोलीसखात्यातला हाडापेराचा माणूस, डोक्याला हा एवढा पांढरा फेटा. माळशिरसकडं दरोडेखोरांच्या मागं लागले असताना त्यांच्या मांडीवर कुऱ्हाडीचा घाव बसला होता. तोच वण त्यांची खूण. शेजारी जंगलखात्यातला धुळाप्पा तंबाखू मळत होता.

“रावसायब, आवाज लई खणखणीत झाला की!” इलाहीबक्ष म्हणाले. “जवानी परत आली म्हणायची.”

रावसाहेब खूश झाले. दात आलेल्या माणसाला बोलावंसं वाटतं, हे मी स्वतः अनुभवलंय. ते बोलत सुटले.

“शिस्त पाहिजे, जमादार. आताची पोरं चेहरा बघून सही करतात. मी या टेबलावर होतो तोवर खूण बघितल्याशिवाय सख्ख्या मामालासुद्धा पेन्शन दिली नसती. धुळाप्पा, या जमादारांचीच गोष्ट घे. पहिल्या खेपेला आले आणि मला म्हणतात, आत खोलीत चला, तिथं दाखवतो. मी म्हटलं, सरकारी काम आडोशाला होत नाही. दाखवायचं तर इथंच!”

“व्हय की,” इलाहीबक्ष हसत म्हणाले. “स्टांपाचा कागद घ्यायला आलेल्या बाया बसल्या हुत्या समोर. म्या इजार खाली केली. करतो काय? सरकारी काम.”

“आणि मग दर खेपेला तसंच,” रावसाहेब म्हणाले. “एकदाही सवलत नाही.”

“एकदा बी न्हाय,” इलाहीबक्षांनी मान डोलावली.

धुळाप्पा मान खाली घालून तंबाखूच मळत राहिला. बाकीचे म्हातारे हसले, रावसाहेबही हसले. इलाहीबक्षांचं हसू मात्र ओठावरच होतं, डोळ्यांपर्यंत गेलंच नाही. मला समोरून सगळं दिसत होतं. अहो, ज्या माणसानं सरकारसाठी कुऱ्हाडीचा घाव खाल्ला, त्याला त्याच घावासाठी बायाबापड्यांसमोर उघडं केलं, आणि वर ही फुशारकी! तीही माझ्यातून चकचकीत होऊन बाहेर पडलेली. दात असून मला दातखीळ बसली.

इतक्यात रावसाहेबांच्या नावाचा पुकारा झाला. ते ऐटीत आत गेले. बाकीचे आपापल्या पाळीसाठी मागोमाग आले आणि भिंतीकडेनं उभे राहिले.

टेबलामागं नवे साहेब होते. तरुण, नुकतेच बदलून आलेले. शेजारी कारकून गोपाळ. हा गोपाळ रावसाहेबांच्याच हाताखाली तयार झालेला. नियम कसा पाळायचा हे त्याला कान पिळून शिकवलं तेही रावसाहेबांनीच.

“खूण?” साहेबांनी विचारलं.

गोपाळनं कागद उघडला. वाचायला तोंड उघडलं आणि त्याचा चेहराच उतरला. “वरचे... पुढचे दोन दात नाहीत.”

आणि रावसाहेब त्या वेळी साहेबांकडं बघून हसत होते! वरची ओळ, खालची ओळ, सगळी पुरी.

अरे देवा! आख्ख्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांच्या खुणा ज्याला तोंडपाठ, तो गृहस्थ स्वतःचीच खूण विसरला होता. पेन्शनीत निघताना ती त्यांनीच सांगितली होती. अंगावर ना वण, ना डाग. खुर्चीत बसून चाकरी केलेला माणूस. अंगठा उठवणं कमीपणाचं म्हणून तोही दिला नव्हता. मग उरले पडलेले दोन दात. गंमत बघा, आख्खं बोळकं झालं तरी ती खूण जुळत होती. मी आले आणि मोडली.

“मग हे गृहस्थ कोण?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, हे आमचे रावसाहेबच. मी यांच्याच हाताखाली शिकलो.”

“तुम्ही ओळखता हे झालं. खूण जुळते का?”

गोपाळनं पुन्हा कागदात बघितलं. खूण जुळत नव्हती हे कुणालाही दिसत होतं.

“जुळत नसेल तर कागद वर चौकशीला पाठवावा लागेल,” साहेब म्हणाले. ते वाईट नव्हते, नुसते नवे होते. “उत्तर येईपर्यंत पेन्शन थांबेल.”

रावसाहेबांच्या तोंडाला कोरड पडली. ते मला लगेच कळतं. कागद वर जातो म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी स्वतः असे कागद पाठवले होते. काहींची उत्तरं यायच्या आधी माणूसच वर गेला होता. घरी चन्नप्पाची उधारी, बाईंचा पाटली गेलेला हात, आणि चूल.

ते टेबलावर वाकले आणि अगदी हळू म्हणाले, “साहेब, हे दात... बसवलेले आहेत.”

“असं होय! मग काढून दाखवा. झालं काम.”

झालं काम! बोलणाऱ्याला काय जातंय? कचेरी माणसांनी भरलेली. स्टांपाला आलेल्या बाया, वकिलांचे कारकून, गावोगावचे पाटील, शिपाई. कधीकाळी हे सगळे रावसाहेबांना बघून उठून उभे राहायचे. त्यांच्यासमोर बोटं तोंडात घालून मला ओढून काढायचं आणि गाल आत ओढलेलं बोळकं दाखवायचं!

“रावसाहेब, आत खोलीत चलायचं का?” गोपाळनं हळूच विचारलं.

रावसाहेबांनी खोलीच्या दाराकडं बघितलं. पाऊल उचललंसुद्धा. तेवढ्यात भिंतीकडेला उभे असलेले इलाहीबक्ष त्यांना दिसले. पाऊल जागच्या जागी थांबलं.

“नको, गोपाळ,” ते म्हणाले. “सरकारी काम...”

जबडा थरथरायला लागला. मी आत खडखडा वाजत होते आणि वाटत होतं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. एवढ्या वर्षांचा मान आणि मी, दोन्ही एकदमच बाहेर यायची वेळ आली होती. त्यांचा हात वर गेला, ओठाशी आला, पुन्हा खाली आला. मागं कुणीतरी खुदकन हसलं.

तेव्हा इलाहीबक्ष पुढं आले. काय करतायत ते आधी कुणाला कळलंच नाही. त्यांनी डोक्यावरच्या फेट्याचं टोक सोडलं आणि फेटा उलगडायला लागले. एक वेढा, दुसरा वेढा.

“ए धुळाप्पा, ये हिकडं. धर हे टोक.”

“जमादार, डोकं उघडं...” शिपाई पुढं झाला.

“गप रं! मला म्हाईत न्हाय व्हय?” असं म्हणून त्यांनी दुसरं टोक स्वतः धरलं. लांबलचक पांढरं कापड टेबलापुढं आडवं ताणलं गेलं. मग जमलेल्या माणसांकडं वळून त्यांनी पोलिसी आवाज लावला, “तकडं बघा भित्ताकडं सगळी! हितं काय तमाशा लावलाय व्हय?”

पाटील-बिटील सगळे झटकन भिंतीकडं वळले.

उघड्या डोक्यानं चारचौघांत उभं राहणं म्हणजे घरात काही वाईट घडल्याची खूण. त्या म्हाताऱ्याचं टक्कल, त्यावरच्या चार पांढऱ्या बटा सगळ्या कचेरीला दिसत होत्या. आपली इभ्रत डोक्यावरून उतरवून त्यानं दुसऱ्याच्या तोंडापुढं धरली होती. आणि दुसरा म्हणजे कोण, तर ज्यानं त्याला कधी साधं दारसुद्धा लोटून घेऊ दिलं नव्हतं.

कापडाआड रावसाहेबांनी मला काढलं. साहेबांनी बघितलं आणि लगेच स्वतःच नजर खाली घेतली. “जुळलं,” ते म्हणाले. गोपाळनं शाई टिपायचा कागद उगाचच दोनदा दाबला.

मी रावसाहेबांच्या मुठीत होते. ते इलाहीबक्षांकडं वळले आणि बोळक्यानं काहीतरी बोलले. नुसता वारा, थुंकी आणि ओठांची हालचाल. शब्द कुणाला लागले नसतील, पण मला लागले. ते म्हणाले होते, “चुकलं माझं, जमादार.”

इलाहीबक्षांनी कान पुढं केला. “काय म्हणता? आदी दात घाला, रावसायब. बोलू मग निवांत.”

त्यांनी मला पुन्हा तोंडात बसवलं. मी अगदी सावरून बसले. म्हटलं, आता एक अक्षर निसटू द्यायचं नाही. शब्द घशापर्यंत आला, जिभेवर आला, मला लागला. फेटा खाली झाला, सगळे लोक पुन्हा इकडं बघायला लागले, आणि तो शब्द आल्या वाटेनं मागं गेला.

“बरंय, जमादार. येतो,” रावसाहेब म्हणाले. खणखणीत आवाजात.

माझी खरी लाज ही. मी हातात होते तेव्हा तो माणूस खरं बोलला. मी तोंडात गेले आणि तो पुन्हा रावसाहेब झाला. असले दात काय कामाचे? चूल पेटली, चन्नप्पाची उधारी भागली, पण तो महिनाभर घरात कडक भाकरीचा आवाज काही झाला नाही. अनसूयाबाई वाढायच्या आणि रावसाहेब म्हणायचे, “आज कुस्करूनच दे.” झालेलं सगळं त्यांनी बाईंना सांगितलं होतं. बाई एवढंच म्हणाल्या, “मग बोलायचं राहिलंच की तुमचं.”

पुढची पहिली तारीख आली. पगडी झाली, कोट झाला. मी वाटीत वाट बघत होते. रावसाहेब आले, त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि वाटीवर झाकण ठेवलं.

“अहो, दात राहिले!” बाईंनी हाक मारली.

“राहू देत,” ते म्हणाले. आणि गेले.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुपारी टांगा दारात वाजला. झाकणाखालून मला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. आणि त्यांचं बोळक्यातलं बोलणं या घरात दोघींनाच नीट कळतं, एक बाईंना आणि एक मला.

“बोललात का?” बाईंनी विचारलं.

“बोललो. खुर्ची परत पाठवली आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, जमादार, मी तुम्हाला इतकी वर्षं चारचौघांत उघडं केलं. चुकलं माझं.”

“मग?”

“कानामागं हात धरून म्हणतात, काय म्हणता? समजंना झालंय. पुन्हा बोललो. तर धुळाप्पाला विचारतात, काय म्हणतेत रं रावसायब? मग मी उभाच राहिलो आणि ओरडून बोललो. स्टांपाच्या बाया, वकिलांचे कारकून, आपला गोपाळ, सगळे दारात येऊन बघायला लागले.”

“अगं बाई! आणि तरी कळलं नाही त्यांना?”

रावसाहेब बोळक्यानंच हसले. ते हसू मी त्यांच्या तोंडात असताना कधी ऐकलं नव्हतं.

“मला म्हणाले, रावसायब, मला मागल्या म्हैन्यालाच समजलं हुतं. पर तुमी ते आडोशाला बोलला हुता. सरकारी काम आडोशाला हुतंय व्हय?”

बाई हसल्या की रडल्या, ते झाकणाखाली मला कळलं नाही. थोड्या वेळानं झाकण निघालं, मला धुऊन तोंडात बसवलं गेलं, आणि त्या दिवशी घरात पुन्हा कडाड असा आवाज झाला. अर्धी भाकरी फडक्यात बांधून इलाहीबक्षांच्या घरी गेली. त्यांचे दात अजून शाबूत आहेत.

तेव्हापासून हीच रीत पडलीय. महिनाभर मी तोंडात आणि पहिल्या तारखेला वाटीत. आता माझं रबर विटलंय, एक दात हलतो, रावसाहेबांच्या हिरड्याही आक्रसल्यात. पाटली काही परत आली नाही. त्या रिकाम्या हाताकडं मला अजूनही बघवत नाही.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. कुठल्याही कचेरीत कुणी म्हातारा तोंडावर हात धरून टेबलाशी उभा दिसला, तर तुम्ही टेबलाच्या कुठल्याही बाजूला असा, मान जरा भिंतीकडं वळवा. फेटा सोडायला सगळ्यांनाच जमत नाही.

आता झाकण ठेवा बघू माझ्यावर. उद्या पहिली तारीख आहे.